लॉस एंजेलिस, ६ सप्टेंबर २०२० : वरच्या हवेचे झाकण आणि खालचा ओझोन

रविवार, ६ सप्टेंबर २०२० रोजी लॉस एंजेलिसच्या मध्यवर्ती भागातील हवामापन केंद्रावर ओझोनचे एका तासाचे प्रमाण १८५ पीपीबीवर गेले, म्हणजे हवेच्या दर अब्ज रेणूंमागे ओझोनचे १८५ रेणू. शहराच्या मध्यभागी एवढी पातळी त्याआधीच्या सव्वीस वर्षांत दिसली नव्हती. आठ तासांची सरासरीही ११८ पीपीबी भरली. अमेरिकेत आरोग्याच्या दृष्टीने ठरवलेली आठ तासांची मर्यादा ७० पीपीबी आहे. आपल्या मापात सांगायचे तर १८५ पीपीबी म्हणजे घनमीटरला सुमारे ३६० मायक्रोग्रॅम. भारतात एका तासासाठी ठरवलेल्या १८० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेच्या हे दुप्पट होते. त्याच दुपारी शहराच्या वायव्येकडील वुडलँड हिल्स येथे तापमान ४९.४ अंश सेल्सिअसवर पोहोचले आणि लॉस एंजेलिस काउंटीचा २००६ पासूनचा उच्चांक मोडला.

आकडा मोठा होताच, पण तो कोणत्या दिवशी आला हे अधिक विचार करायला लावणारे आहे. तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी अमेरिकेतील कामगार दिनाची सुट्टी असल्याने सलग सुट्ट्या होत्या, शिवाय कोरोनाच्या साथीमुळे अनेक कार्यालये घरूनच चालत होती. रस्त्यावरच्या धुराड्यांकडे पाहून प्रदूषणाचा अंदाज बांधणाऱ्या कोणालाही हा दिवस त्यातल्या त्यात बरा जाईल असे वाटले असते. प्रत्यक्षात तो पाव शतकातला सर्वांत वाईट दिवस ठरला. याचे उत्तर बऱ्याच अंशी रस्त्यावर सापडत नाही. ते शहराच्या वर, आधी सुमारे सहा किलोमीटरवर आणि मग दीड किलोमीटरवर शोधावे लागते, आणि या लेखाचा भर त्या शोधावरच आहे.

बशीसारखी जागा

लॉस एंजेलिसच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला प्रशांत महासागर आहे. उत्तरेला सॅन गॅब्रिएल आणि पूर्वेला सॅन बर्नार्डिनो डोंगररांगा आहेत. सॅन गॅब्रिएलमधील सर्वांत उंच शिखर ३०६८ मीटरचे आहे. कळसूबाई १६४६ मीटर आहे, म्हणजे तिच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिक. समुद्रावरून आलेली हवा या भिंतीला येऊन थडकते. किनाऱ्यालगत वाहणारा कॅलिफोर्निया प्रवाह थंड असल्यामुळे पाण्यालगतची हवा उन्हाळ्यातही गारच असते. वर मात्र प्रशांत महासागरावरच्या उच्च दाबाच्या पट्ट्यातून खाली उतरणारी हवा उतरता उतरता तापलेली असते. खाली गार, वर उष्ण अशी ही उलटी रचना आपल्याकडच्या भूगोलाच्या पुस्तकांत ‘तापमानाची विपरीतता’ या नावाने शिकवली जाते. खालची जड हवा वरच्या हलक्या हवेत चढू शकत नाही आणि शहरावर झाकण बसते.

हे झाकण मोटारींच्या कितीतरी आधीचे आहे. १५४२ साली हुआन रोद्रिगेस काब्रियो हा दर्यावर्दी इथल्या किनाऱ्याजवळून गेला तेव्हा मूळ रहिवाशांनी पेटवलेल्या आगींचा धूर पाहून त्याने सॅन पेद्रोच्या उपसागराला ‘धुरांचा उपसागर’ असे नाव दिले, अशी नोंद आहे. चार शतकांनी, जुलै १९४३ मध्ये, शहरावर इतके दाट धुरके आले की युद्धाच्या त्या दिवसांत काही लोकांना तो शत्रूचा वायुहल्ला वाटला. सुरुवातीला ठपका शहरातल्या कृत्रिम रबराच्या कच्च्या मालाच्या एका कारखान्यावर आला. तो बंद ठेवूनही धुरके कायम राहिले. पुढे कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील एरी हागेन-स्मिट यांनी, जे मुळात अननसाच्या स्वादातील रसायनांवर काम करणारे जैवरसायनशास्त्रज्ञ होते, १९५० च्या सुमारास दाखवून दिले की डोळे झोंबवणारा आणि ताणलेल्या रबराला भेगा पाडणारा हा वायू कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. मोटारींच्या व शुद्धीकरण कारखान्यांच्या वाफा आणि नायट्रोजनची ऑक्साइड यांच्यावर ऊन पडले की तो हवेतच तयार होतो.

ओझोन शिजतो कसा

नायट्रोजन डायऑक्साइडच्या रेणूवर सूर्यप्रकाश पडला की त्यातला ऑक्सिजनचा एक अणू सुटतो, तो हवेतल्या ऑक्सिजनच्या रेणूला चिकटतो आणि ओझोन बनतो. उरलेले नायट्रिक ऑक्साइड लगेच तो ओझोन खाऊन पुन्हा डायऑक्साइड होते. एवढेच घडत राहिले असते तर हिशेब शून्यावर आला असता. पण पेट्रोलच्या वाफा, रंगांतली द्रावणे, झाडांतून निघणारे आयसोप्रीन अशी बाष्पनशील सेंद्रिय संयुगे हवेत असली की त्यांच्या विघटनातून निघणारे मूलक, म्हणजे अतिशय क्रियाशील रेणू, नायट्रिक ऑक्साइडला ओझोन न वापरताच डायऑक्साइड करतात. ओझोन खाणारा परतफेडीचा रस्ता असा बंद होतो आणि ओझोन साठत जातो.

या सगळ्यास वेळ लागतो. सकाळी आठच्या गर्दीत सुटलेल्या वायूंचा ओझोन दुपारी एक-दोनपर्यंत तयार होतो. त्या पाच-सहा तासांत ती हवा कोठे जाते, किती पसरते, किती तापते आणि तिच्यावर किती ऊन पडते यावर दुपारचा आकडा ठरतो. कार्बन मोनॉक्साइडसारखा वायू जिथे निघतो तिथेच सर्वाधिक असतो, म्हणून त्याच्या बाबतीत रस्ता पाहिला की बरेचसे कळते. ओझोनच्या बाबतीत मात्र आकाशही पाहावे लागते.

सहा किलोमीटरवर

हवामानशास्त्रज्ञ वरच्या हवेकडे पाहताना ठरावीक उंचीऐवजी ठरावीक दाब धरतात. ५०० हेक्टापास्कल दाबाची पातळी वातावरणाच्या साधारण मध्यावर येते. तिच्या वरती जेवढी हवा, जवळपास तेवढीच खाली. दक्षिण कॅलिफोर्नियावर उन्हाळ्यात ही पातळी ५८५० ते ५८८० मीटरच्या आसपास असते. खालचा हवेचा स्तंभ तापून फुगला की ती वर उचलली जाते. सप्टेंबर २०२० च्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीस अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागावर बसलेल्या उच्च दाबाच्या उंचवट्यात ही पातळी ५९०० मीटरच्या पलीकडे गेली होती. आकडे पाहता फरक थोडा वाटतो, पण या पातळीवरचे पन्नास-साठ मीटर खालच्या हवामानात मोठी उलथापालथ करतात.

त्या उंचवट्याची चाल किती ताणलेली होती याची एक खूण पूर्वेकडे दिसली. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरमध्ये ७ सप्टेंबरला तापमान ३३ अंशांच्या पुढे होते आणि ८ सप्टेंबरला तिथे बर्फ पडला. वाऱ्यांची लाट पश्चिमेला एवढी वर उचलली गेली होती की पूर्वेला तितकीच खोल द्रोणी, म्हणजे कमी दाबाचा खोलगट पट्टा, खाली उतरली. लॉस एंजेलिस या लाटेच्या फुगीर बाजूखाली सापडले होते.

उंचवट्याखाली घडते ते असे. वरच्या थरांत हवा एकत्र येते, तिला जागा उरत नाही आणि ती खाली खचू लागते. खचण्याचा वेग सेकंदाला एखाद्या सेंटीमीटरचा, कित्येकदा त्याहूनही कमी असतो. कोणत्याही यंत्रावाचून तो जाणवणार नाही. पण सेकंदाला एक सेंटीमीटर म्हणजे दिवसाला ८६४ मीटर. खाली येणारी हवा वाढत्या दाबाने दाबली जाते आणि दर हजार मीटरला सुमारे ९.८ अंशांनी तापते. ३००० मीटरवर १५ अंश असलेली हवा १५०० मीटरपर्यंत खचली तर बाहेरून काहीही उष्णता न मिळता ती जवळपास ३० अंशांची होते. ती कोरडीही असते, कारण वरून येताना तिच्याजवळ बाष्प फारसे नसतेच. ढग विरतात, ऊन सरळ खाली येते आणि रासायनिक क्रियेला लागणारा प्रकाश दिवसभर पुरवला जातो. उंचवट्याच्या मध्याजवळ वरचे वारेही मंद असतात, त्यामुळे शहराची हवा बाहेर ओढून नेणारे कोणी उरत नाही.

दीड किलोमीटरवर

दक्षिण कॅलिफोर्नियाच्या प्रदूषण-अंदाजाचे काम करणाऱ्यांना एकच आकडा निवडायला सांगितला तर बहुतेक जण ८५० हेक्टापास्कल पातळीवरचे, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर उंचीवरचे, तापमान निवडतील. हे तापमान एका वेळी दोन गोष्टी सांगते. वरची हवा किती खचली आहे हे त्यातून कळते, आणि खालच्या गार समुद्री हवेशी त्याची तुलना केली की झाकण किती घट्ट बसले आहे तेही कळते.

हे तापमान मोजण्यासाठी लॉस एंजेलिस शहरात नियमित फुगा सोडला जात नाही. उत्तरेकडील व्हँडनबर्ग आणि दक्षिणेला सॅन दिएगोजवळील मिरामार या ठिकाणांहून दिवसातून दोनदा फुगे जातात. जगभर ही वेळ एकच असते, त्यामुळे आपल्याकडे सायंकाळचे साडेपाच वाजतात तेव्हा तिकडे उन्हाळ्यात पहाटेचे पाच असतात. मधली जागा विमाने भरून काढतात. लॉस एंजेलिसच्या विमानतळावर चढ-उतार करणाऱ्या विमानांवरील यंत्रे दर काही शे मीटरला तापमान नोंदवतात आणि अंदाज करणाऱ्याला झाकणाची तळरेषा कोठे आहे हे तासातासाला दिसू शकते. अशा आलेखात आधी तापमान उंचीबरोबर थोडे कमी होते, मग रेषा अचानक उजवीकडे वळते आणि पुढच्या दोन-तीनशे मीटरमध्ये कधी कधी दहा-बारा अंशांनी तापमान चढते. ती वळणाची जागा म्हणजे शहराचे छत.

छत ९०० मीटरवरून ३०० मीटरवर आले तर तेवढाच धूर एक तृतीयांश जागेत कोंबला जातो. ओझोनच्या बाबतीत हे साधे त्रैराशिक लागू पडत नाही, कारण दाटी वाढली की रासायनिक क्रियांचे वेग आणि समतोल बदलतात. तरी दिशा तीच राहते.

इथे एक पेच आहे आणि तो मला या प्रकरणातला सर्वांत बोलका भाग वाटतो. जमीन खूप तापली की गरम हवा वर उसळते आणि झाकण फोडते. मग ४९ अंशांच्या दिवशी प्रदूषण पांगायला नको होते का? वुडलँड हिल्ससारख्या, डोंगराआडच्या खोऱ्यात दुपारपर्यंत खालचा थर इतका तापू शकतो की वरच्या उष्ण हवेशी त्याचे तापमान जुळते, झाकण सुटते आणि हवा दोन-तीन किलोमीटरपर्यंत ढवळली जाते. म्हणूनच सर्वाधिक उष्मा आणि सर्वाधिक ओझोन एका जागी येतीलच असे नाही. ओझोनला सोयीची जागा उष्म्याच्या कडेला असते. तिथे तापमान रासायनिक क्रियांना पुरेसे चढलेले असते, पण समुद्राच्या जवळिकीमुळे खाली थोडी गार हवा टिकून असल्याने झाकण शाबूत राहते. त्या रविवारी उष्म्याचा विक्रम खोऱ्यात झाला आणि ओझोनचा मोठा आकडा शहराच्या मध्यभागी आला. या दोन जागांतले अंतर वरच्या हवेच्या रचनेशी चांगले जुळते, असे माझे वाचन आहे.

खाऱ्या वाऱ्यांचा उशीर

एरवी लॉस एंजेलिसच्या मध्यभागाला खारे वारे वाचवतात. सकाळी दहा-अकराच्या सुमारास समुद्रावरून हवा आत येऊ लागते, शहराचा धूर पूर्वेकडे ढकलते आणि वाटेत ऊन त्याचा ओझोन करते. त्यामुळे नेहमीचे सर्वाधिक आकडे शहरात येत नाहीत. ते ८०-१०० किलोमीटर आतल्या सॅन बर्नार्डिनो, रेडलँड्स आणि डोंगरातल्या क्रेस्टलाइनसारख्या वस्त्यांत येतात. किनाऱ्यालगतच्या लोकांच्या मोटारींचा ओझोन डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांच्या छातीत जातो. या बाबतीत तिथल्या लोकांची तक्रार जुनी आहे आणि ती रास्त आहे.

६ सप्टेंबरला शहराचा मध्यभागच सापडला, याचा अर्थ दुपारचा हा पूर्वेकडचा प्रवास नेहमीसारखा झाला नाही. उच्च दाबाचा उंचवटा ईशान्येला असला की जमिनीलगतही आतल्या वाळवंटी भागाकडून समुद्राकडे थोडा रेटा तयार होतो. तो सांता आना, म्हणजे वाळवंटाकडून समुद्राकडे सुटणाऱ्या तिथल्या कोरड्या, वेगवान वाऱ्यांएवढा जोरदार नसतो. खाऱ्या वाऱ्यांना थोपवून धरण्यापुरता मात्र असतो. तिथले अंदाजकर्ते म्हणूनच लॉस एंजेलिसचा विमानतळ आणि मोहावे वाळवंटातले डॅगेट यांच्या दाबातला फरक रोज पाहतात. तो किती घटला त्यावरून समुद्राची हवा किती उशिरा आणि किती आत शिरेल हे ठरते. समुद्राकडची हवा आत यायला धडपडते, जमिनीकडची तिला अडवते आणि मधल्या पट्ट्यात हवा तासन्‌तास जवळपास उभी राहते. ऊन आणि धूर यांना हवा असलेला वेळ नेमका तिथे मिळतो.

मुंबईकरांना ही यंत्रणा वेगळ्या संदर्भात ठाऊक आहे. मार्च महिन्यात पूर्वेकडचे वारे जोर धरतात तेव्हा खारे वारे दुपारी उशिरा येतात आणि त्या दिवशी सांताक्रूझचा पारा एकाएकी चढतो; वेधशाळेच्या खुलाशात दरवर्षी हेच कारण असते. फरक एवढाच की मुंबईत पुढे जूनमध्ये पाऊस येऊन सगळे धुऊन नेतो, तर लॉस एंजेलिसमध्ये मे ते ऑक्टोबर हा काळ जवळजवळ कोरडाच जातो आणि झाकणाला सुट्टी नसते.

रात्री वर राहिलेला साठा

उष्म्याची लाट शुक्रवारपासूनच चढत होती. रविवार हा तिचा तिसरा दिवस. तिसऱ्या दिवशीचा ओझोन पहिल्या दिवसापेक्षा वाईट असण्यामागे वरच्या हवेचाच आणखी एक भाग आहे. सूर्यास्तानंतर जमीन थंड होते आणि तिच्यालगत शंभर-दोनशे मीटरचा एक स्थिर थर तयार होतो. या थरातला ओझोन रात्रभरात संपतो. मोटारींचे नायट्रिक ऑक्साइड तो खाते, पाने आणि भिंती तो शोषतात. पहाटे जमिनीवरचा मापक जवळपास शून्य दाखवतो आणि रात्रीत हवा शुद्ध झाली असा समज होतो. पण त्या थराच्या वर, दिवसा ढवळला गेलेला ओझोन जसाच्या तसा तरंगत असतो, कारण तिथे त्याला खाणारे फारसे काही नसते.

डोंगर त्यात भर घालतात. दुपारी उतारावरचे कडे तापतात, हवा उतारावरून वर चढते आणि डोंगर धुराड्यासारखे काम करून प्रदूषित हवा झाकणाच्या थरात किंवा त्याच्याही वर नेऊन सोडतात. वाऱ्याचा जोर असेल तर ती दूर वाळवंटात जाते. वारे मंद असतील तर ती शहरावरच पातळ थरांच्या रूपाने साचते आणि खचणाऱ्या हवेबरोबर पुन्हा खाली येते. दुसऱ्या सकाळी ऊन पडून खालचा थर वाढू लागला की तो हा कालचा ओझोन आपल्यात ओढून घेतो. त्यामुळे शहराचा दिवस शून्यापासून सुरू होत नाही; त्याच्या खात्यावर कालची बाकी आधीच जमा असते.

वरच्या या थरांचे मोजमाप करण्याचे साधन आपल्याकडेही जुने आहे. भारतीय हवामान विभाग पुणे, दिल्ली आणि तिरुअनंतपुरम येथून ओझोन मोजणारे फुगे सोडत आला आहे. जमिनीवरच्या मापकाला जे दिसत नाही ते एका फुग्याच्या तासा-दीड तासाच्या चढणीत दिसते.

उरलेले वाटेकरी

वरच्या हवेला सगळे श्रेय देणे चुकीचे होईल, म्हणून इतर कारणांचाही हिशेब मांडला पाहिजे.

रविवार असल्याने प्रदूषण कमी असायला हवे होते, हा युक्तिवाद या शहराच्या बाबतीत पुरता खरा नाही. लॉस एंजेलिसच्या मध्यभागी नायट्रोजनच्या ऑक्साइडांची इतकी गर्दी असते की ती ओझोन वाढवण्याऐवजी दडपते. रविवारी डिझेलचे मालट्रक घटतात, ओझोन खाणारे नायट्रिक ऑक्साइड घटते आणि सेंद्रिय वाफा मात्र तेवढ्या प्रमाणात घटत नाहीत. परिणामी सुट्टीच्या दिवशी ओझोन वाढतो. ही विसंगती तिथल्या अभ्यासकांना अनेक दशकांपासून ठाऊक आहे. टाळेबंदीचा परिणामही सप्टेंबरपर्यंत बराच ओसरला होता. रस्ते पुन्हा भरू लागले होते आणि बंदरांतील आयात तर उलट वाढली होती.

उष्म्याचे स्वतःचेही एक रासायनिक काम आहे. पेरॉक्सिअॅसिटिल नायट्रेट नावाचे संयुग नायट्रोजन डायऑक्साइडला पोटात घेऊन काही काळ निष्क्रिय ठेवते. २५ अंशांच्या आसपास ते अर्धा-एक तास टिकते, ४० अंशांत काही मिनिटांत फुटते आणि अडकलेला डायऑक्साइड पुन्हा कामाला लागतो. इंधनटाक्या, रंग आणि द्रावणे यांच्या वाफा उष्म्यात वाढतात, झाडांचे आयसोप्रीनही वाढते. पण इथेही मूळ वरतीच सापडते, कारण तो उष्मा खचणाऱ्या हवेनेच आणला होता.

वणव्यांचा भाग वेगळा काढणे कठीण आहे. ५ सप्टेंबरला पूर्वेकडे युकायपाजवळ एल डोराडो वणवा पेटला, आणि ६ तारखेला दुपारी बाराच्या सुमारास सॅन गॅब्रिएल डोंगरात बॉबकॅट वणवा. धुरात ओझोनला लागणारी सेंद्रिय संयुगे भरपूर असतात, मात्र दाट धूर ऊन अडवून ओझोनची क्रिया मंदावतोही. तीनच दिवसांनी, ९ सप्टेंबरला, सॅन फ्रान्सिस्कोवर आकाश भर दिवसा नारिंगी झाले होते, ते उंचावर साचलेल्या धुराने प्रकाश गाळल्यामुळे. बॉबकॅट वणवा पेटला तेव्हा त्या दिवशीची ओझोनची भट्टी आधीच तापलेली होती, त्यामुळे १८५ च्या आकड्याचे मुख्य श्रेय त्याला देणे मला पटत नाही.

आणखी एक शंका रास्त आहे. हा ओझोन थेट स्थितांबरातून, म्हणजे संरक्षक ओझोन थरातून, खाली उतरला असेल का? असे खरोखर घडते. वरच्या द्रोणीच्या कडेला तपांबर आणि स्थितांबर यांमधली सीमा दुमडते आणि ओझोनने भरलेली कोरडी हवा जिभेसारखी खाली सरकते. पश्चिम अमेरिकेत, विशेषतः उंचावरच्या प्रदेशांत, वसंत ऋतूत हा प्रकार दखलपात्र असतो आणि लास व्हेगासच्या परिसरात त्याचा मुद्दाम अभ्यास झाला आहे. परंतु त्यासाठी द्रोणी आणि जोरदार वरचे वारे लागतात. ६ सप्टेंबरला लॉस एंजेलिसवर याच्या नेमकी उलट स्थिती होती. अशा दिवसांत केवळ हवेचा कोरडेपणा पाहून निष्कर्ष काढणाऱ्याची फसगत होते, कारण खचलेली हवाही कोरडीच असते. स्थितांबरातून आलेल्या हवेत कार्बन मोनॉक्साइड कमी असतो, शहरात शिजलेल्या हवेत तो जास्त असतो. दोन्हींची ओळख पटवायची तर हा वायू सोबत पाहावा लागतो.

अपवाद कोणता आणि नियम कोणता

हा रविवार एकटा नव्हता. २०२० च्या ऑगस्टमध्येही अशाच उंचवट्याखाली डेथ व्हॅलीत १६ तारखेला ५४.४ अंशांची नोंद झाली होती. त्या पूर्ण वर्षात दक्षिण कॅलिफोर्नियाच्या या किनारी खोऱ्यात ओझोनची मर्यादा ओलांडणारे १५७ दिवस भरले. १९९७ नंतर एवढे दिवस कोणत्याही वर्षी भरले नव्हते. याच शहरात १९५० च्या दशकात तासाचा ओझोन ६०० पीपीबीच्याही वर गेला होता हे लक्षात घेतले, तर नियमांनी आणि सुधारलेल्या इंजिनांनी किती मजल मारली ते कळते. त्या काळातही वर हेच झाकण होते, आकडा उतरला तो खालचा धूर घटल्यामुळे. मात्र २०२० च्या आधीच्या काही वर्षांत ही उतरण अडखळली आणि वाईट वर्षाचे खापर हवामानावर फोडण्याचा मोह प्रशासनाला होणे स्वाभाविक होते.

कायद्याने ही वाट आधीच बंद केलेली आहे. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्यात ‘अपवादात्मक घटना’ अशी तरतूद आहे. वणवा किंवा स्थितांबरातून उतरलेला ओझोन यामुळे आकडा चढला हे पुराव्यानिशी दाखवता आले, तर तो दिवस हिशेबातून वगळता येतो. पण त्याच तरतुदीत स्पष्ट लिहिले आहे की हवा साचून राहणे, तापमानाची विपरीतता आणि तीव्र उष्मा यांना अपवादात्मक घटना मानता येणार नाही. म्हणजे बॉबकॅट वणव्याच्या धुराबद्दल यंत्रणेला दाद मागता येते, पण झाकणाबद्दल मागता येत नाही. शहर मर्यादेत बसते की नाही हेसुद्धा एका विक्रमी दिवसावरून ठरत नाही. दरवर्षीचा आठ तासांच्या सरासरीचा चौथ्या क्रमांकाचा सर्वाधिक दिवस घेऊन त्यांची तीन वर्षांची सरासरी काढतात. त्यामुळे ६ सप्टेंबरचा ११८ पीपीबी हा आकडा कितीही गाजला तरी अधिकृत निकालावर त्याचा भार थोडाच पडतो. भार पडतो तो त्याच झाकणाखाली गेलेल्या, पण बातमीत न आलेल्या, इतर दिवसांचा.